पिन अठरा म्हणजे नेमकी कुठली अठरा? लेखातल्या चुकीची दुरुस्ती छापावी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाला जीपीएसचं मॉड्यूल जोडायचं आणि त्यातून दर सेकंदाला जो पल्स (विजेचा बारीक ठोका) निघतो त्यावर बोर्डाचं घड्याळ लावायचं, म्हणजे घरबसल्या एकदम अचूक वेळ. लेख मला आवडला, कात्रण काढून दुकानात टेबलाच्या काचेखाली सरकवलं. ते अजून तिथंच आहे, फक्त आता त्यातल्या एका वाक्याभोवती लाल पेनानं गोल केलाय. वाक्य असं आहे, "पल्सची वायर पिन १८ ला जोडावी." या एका वाक्यानं माझे अकरा दिवस खाल्ले साहेब, आणि रात्री धरल्या तर जास्तच. म्हणून हे पत्र. लांब झालंय, काटछाट करा पण पिनचा भाग तेवढा काढू नका.

आधी सांगतो मी कोण. कराडला माझं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. पिक्चर ट्यूबवाले टीव्ही गेले, आता एलईडीची बॅकलाईट बदलणे आणि सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर एवढंच काम उरलंय, त्यामुळे दुपारी वेळ असतो. आमच्या गल्लीतली शाळेची चार पोरं भूकंप नोंदवायचं यंत्र करतायत, जिओफोन (जमिनीची थरथर पकडणारा सेन्सर) आणलाय, तो बोर्डाला जोडून जमिनीची थरथर कागदावर आल्यासारखी स्क्रीनवर येते. त्यांना म्हणलं घड्याळाचं मी बघतो. कोयनेच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला भूकंप काय हे सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला तेव्हा मी पाच महिन्यांचा होतो, आई सांगायची की पाळण्यासकट उचलून अंगणात आणलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत तिकडं बारीकसारीक धक्के चालूच आहेत, कराडजवळ हजारमाचीला तर त्यासाठी सरकारची प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास केलाय.

आता यात वेळेचं काय एवढं? भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर पळते. धक्का कुठं झाला हे काढायचं तर तीन-चार ठिकाणी ती लाट किती वाजता पोचली ते बघतात. म्हणजे तुमच्या घड्याळात एका सेकंदाचा दहावा भाग चूक असेल तर ६०० मीटरचा घोळ, एक सेकंद चूक असेल तर ६ किलोमीटर, म्हणजे धक्का या गावात झाला का पलीकडच्या गावात हेच कळणार नाही. आणि या बोर्डावर बॅटरीचं घड्याळच नसतं (५ नंबरच्या मॉडेलवर सोय आहे, आमच्याकडं जुना ३ नंबरचा). आतलं वेळ मोजणारं क्रिस्टल दहा लाखात २० भाग जरी चुकलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंद. इंटरनेटवरून वेळ घेता येते, घेतो पण, पण मोबाईल डेटावर ती कधी लवकर येते कधी उशिरा, आमच्याकडं लाईट गेली की टॉवर पण धापा टाकतो. त्यामुळे जीपीएस हाच इलाज, इथपर्यंत लेखात सगळं बरोबरच लिहिलं होतं.

तर मी यू-ब्लॉक्सचं निओ-६एम मॉड्यूल मागवलं, हिरवी पट्टी आणि सोबत चौकोनी सिरॅमिक अँटेना. दुकानात जोडलं, काहीच नाही. त्याचा बारीक एलईडी पेटेना. हे लेखात नव्हतं की उपग्रह सापडल्याशिवाय तो एलईडी लुकलुकत नाही आणि पल्स पण बाहेर येत नाही, आणि स्लॅबखाली उपग्रह सापडत नाहीत. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर डुप्लिकेट माल. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीवर ठेवलं आणि चहा पिऊन आलो तर लुकलुक चालू. बेल वायर टाकून गच्चीवरून खाली दुकानात पल्स आणला, साधारण १२ मीटर, मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाकून, आणि मोजून पिन १८ ला लावला. या वायरचं आणि ट्रान्झिस्टरचं पुढं सांगतो, त्यांनी पण आपला हिस्सा वसूल केला.

बोर्डावर तपासायला पीपीएसटेस्ट नावाचा छोटा प्रोग्राम आहे (पीपीएस म्हणजे हाच दर सेकंदाचा पल्स). चालवला. पल्स सापडला तर दर सेकंदाला एक ओळ यायला पाहिजे. माझ्याकडं दर तीन सेकंदाला एकच, "कनेक्शन टाइम्ड आउट." वर गच्चीत एलईडी लुकलुकतोय, खाली बोर्ड म्हणतो कोणी आलंच नाही.

रिपेअरिंगवाला काय करणार, मीटर काढला. डिजिटल मीटरनं मॉड्यूलच्या पल्सच्या टोकावर बघितलं तर ०.३, मध्येच ०.१, मध्येच वर, आकडा नाचतोय. लेखात पल्स ३.३ व्होल्टचा म्हणलंय. म्हणलं गेलं मॉड्यूल, आऊटपुट मेलंय. दुसरं मागवलं, चार दिवस वाट बघितली, त्यावर पण ०.३. तेव्हा डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता पण नाही पडला. शेवटी माळ्यावरून जुना काट्याचा मोटवानेचा मीटर काढला, तीस वर्षांपूर्वी घेतलेला, काच तडकलेली. तो लावला आणि बघतो तर काटा दर सेकंदाला टुणकन उडी मारून खाली बसतोय. कसला आनंद झाला म्हणून सांगू. भानगड अशी की पल्स सेकंदातला फक्त दहावा भाग म्हणजे १०० मिलिसेकंद वर असतो आणि बाकीचे ९०० खाली, त्यामुळे सरासरी काढली तर ३.३ चा दहावा हिस्सा ०.३३ च येणार. डिजिटल मीटर सरासरीच दाखवत होता बिचारा, खोटं बोलत नव्हता. म्हणजे दोन्ही मॉड्यूल चांगली होती आणि माझे पैसे तेवढे गेले. ज्याच्याकडं काट्याचा मीटर नाही त्यानं एक एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर लावून बघावं, तेवढं पुरे.

पल्स आहे हे कळलं, पण बोर्ड ऐकत नाही ते नाहीच. वायरची कंटिन्युटी बघितली, बीप. ग्राऊंड बघितला, कॉमन आहे. सोल्डर परत मारला. मग लेकीला फोन केला, ती पुण्याला कंपनीत असते आणि लिनक्सचं (बोर्ड ज्या सिस्टिमवर चालतो ती) मला जे काही येतं ते तिनंच शिकवलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, अठरा म्हणजे कुठला अठरा?" म्हणलं अगं अठरा म्हणजे अठरा, कोपऱ्यापासून मोजून लावलाय, दोनदा मोजलाय. ती हसायलाच लागली.

तर ऐका. या बोर्डावर ४० पिना आहेत दोन रांगांत, एका रांगेत विषम दुसऱ्या रांगेत सम, हा झाला मोजायचा नंबर. आणि आतल्या चिपच्या हिशोबानं प्रत्येक पिनेला दुसराच नंबर आहे, त्याला जीपीआयओ नंबर म्हणतात. दोन्हींचा एकमेकाशी काही संबंध नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जो १८ लिहितात तो जीपीआयओ १८, आणि तो मोजायला गेलं तर १२ नंबरची पिन आहे! आणि मोजून जी १८ येते ती जीपीआयओ २४. म्हणजे मी वायर लावली होती २४ च्या दारात आणि बोर्ड १८ च्या दारात कान लावून बसला होता. आपल्याकडं सातबाऱ्यावर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर असतो ना, तसं. शेत एकच, नंबर दोन, आणि नुसतं "१८ नंबरात या" म्हणलं की एक जण भाऊबंदाच्या उसात उभा. तलाठ्याला विचारलं तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो, गट का सर्व्हे? तुमच्या लेखानं तेवढंच सांगितलं नाही.

वायर १८ वरून १२ वर सरकवली, त्याच रांगेत तीन पिना मागं, आणि स्क्रीनवर ओळी पडायला लागल्या, एक, एक, एक. रात्रीचे पावणेबारा. बायको उठून बघायला आली, काय झालं म्हणून.

यात अजून एक गंमत. मध्ये एकदा मी बोर्ड सुरू होतानाचा लॉग वाचला होता, त्यात "नवीन पीपीएस सोर्स पीपीएस@१२" असं काहीतरी होतं. मी म्हणलं मी १८ सांगितलाय आणि हा १२ का म्हणतोय, म्हणून सेटिंगच पुसून परत लिहिलं. ते १२ म्हणजे पिन १२ पण नव्हे! संगणकाची सोळाच्या पाढ्याची मोजणी असते त्यात आपल्या १८ ला १२ लिहितात. निव्वळ योगायोगानं दोन्हीकडं १२. असले योगायोग माणसाला वेडं करायला पुरेसे आहेत.

सेटिंगची ओळ पण सांगून टाकतो, देवनागरीत लिहितोय, टाईप करताना इंग्रजीत करा: डीटीओव्हरले=पीपीएस-जीपीआयओ,जीपीआयओपिन=१८. ही कॉन्फिग फाईलीत जाते. लेखात ती फाईल बूट फोल्डरमध्ये आहे म्हणलंय, पण २०२३ पासूनच्या सिस्टिममध्ये ती बूटच्या आत फर्मवेअर नावाच्या फोल्डरात गेली आहे, जुन्या जागी नुसती पाटी आहे की इथं काही बदलू नका. माझी एक संध्याकाळ त्या पाटीवर लिहिण्यात गेली. यावरून मला शंका आली, राग मानू नका, की लेख कुठलातरी जुना मजकूर बघून लिहिलाय आणि लिहिणाऱ्यानं स्वतः वायर काही लावून बघितलेली नाही. ज्यानं एकदा लावलीय तो माणूस "पिन १८" असं कधीच लिहिणार नाही, त्याच्या हातूनच लिहिलं जाणार नाही.

आणि खरं तर जोडणी एवढी सोपी आहे की सम रांगेत कडेच्या पिना ओळीनं येतात: ४ ला पाच व्होल्ट, ६ ला ग्राऊंड, ८ ला मॉड्यूलचा आरएक्स (अक्षरं घेणारं टोक), १० ला मॉड्यूलचा टीएक्स (अक्षरं पाठवणारं टोक) आणि १२ ला पल्स. मध्ये एक पण सोडायची नाही. हे एवढं चित्र काढून छापलं असतं तर अर्ध्या वितीत मावलं असतं, त्याच्याऐवजी लेखात उपग्रहाचं मोठं रंगीत चित्र होतं.

आता ट्रान्झिस्टरचं. लेखात इशारा होता की बोर्डाच्या पिनेवर ५ व्होल्ट गेलं तर पिन जळते, हे शंभर टक्के खरं आहे, या बोर्डाच्या सिग्नलच्या पिना ३.३ च्याच. म्हणून मी शहाणपणा करून मध्ये बीसी५४७ घातला. मॉड्यूलचा पल्स मुळात ३.३ चाच असतो, गरजच नव्हती, पण सवय. आता ट्रान्झिस्टर असा लावला की तो सिग्नल उलटा करतो, वर असेल तेव्हा खाली, खाली असेल तेव्हा वर. खरा सेकंद कुठं सुरू होतो तर पल्स वर उठतो तिथं. उलटा केल्यावर बोर्डाला जो उठाव दिसतो तो पल्स संपतानाचा. ओळी तर दर सेकंदाला येतातच, सगळं छान दिसतं, पण घड्याळ कायम १०० मिलिसेकंद मागं. मला कळलं कसं, तर क्रोनी नावाचा प्रोग्राम आहे जो वेळ जुळवतो, त्यात इंटरनेटवरचे तीन सर्व्हर पण टाकले होते, ते तिघं एका बाजूला आणि माझं जीपीएस दुसऱ्या बाजूला, फरक जवळजवळ बरोबर १००, आणि माझ्या जीपीएसपुढं एक्सची खूण. त्याच्या भाषेत एक्स म्हणजे हा सोर्स खोटं बोलतोय. फरक ८७ किंवा ११३ असा काहीतरी असता, रोज बदलता असता, तर मी नेटवर्कला दोष दिला असता, पण गोल १०० आल्यावर पल्सची रुंदीच आठवली. सेटिंगमध्ये उतरती कडा धरायचा पर्याय आहे, किंवा ट्रान्झिस्टर काढून टाकायचा. मी काढून टाकला. तोच तो ६०० मीटरचा घोळ, जो पोरांच्या नकाशात गेला असता आणि कुणाला कळलं पण नसतं.

मग बेल वायर. दोन दिवस सगळं नीट, तिसऱ्या दिवशी दुपारी वेळ उड्या मारायला लागली, संध्याकाळी परत नीट. बोर्डात इंटरप्ट (पिनेवर सिग्नल आला की चिपला जाणारी हाक) मोजायची सोय आहे, प्रोक नावाच्या फोल्डरात इंटरप्ट्स नावाची फाईल, त्यात पीपीएसच्या ओळीचा आकडा बघायचा आणि एक मिनिटानं परत बघायचा. ६० ने वाढायला पाहिजे. मी बघतो तर कधी ६०, कधी ६३, एकदा ६७. जास्तीचे सेकंद आले कुठून? बाहेर आलो तर शेजारी वेल्डिंगवाला गेटला टाके मारतोय. त्याच्या प्रत्येक ठिणगीला माझी १२ मीटरची उघडी वायर अँटेनासारखी थरथरत होती आणि बोर्ड त्याला पल्स समजत होता. त्याला जाऊन सांगितलं, तो म्हणाला काका माझ्या वेल्डिंगनं तुमचं घड्याळ पुढं जातंय होय, मग मला पगार वाढवून द्या.

इलाज उलटा निघाला. पल्स लांब आणायचा नाही, अँटेना लांब न्यायची. मॉड्यूल खाली बोर्डाला चिकटून, वितभर वायरीत, आणि गच्चीवर फक्त अँटेना, मध्ये कोअ‍ॅक्सियल केबल. अँटेना बदलून आतच अँप्लिफायर असलेली घेतली, नाहीतर एवढ्या केबलात सिग्नल मरतो. कोणी म्हणेल केबलात वेळ जाईल, जातो, दर मीटर केबलला ५ नॅनोसेकंदच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून ६० नॅनोसेकंद, आणि या बोर्डाची स्वतःची पिनेवरून दखल घ्यायची चालढकल काही मायक्रोसेकंदांची (एक मायक्रोसेकंद म्हणजे हजार नॅनोसेकंद) असते, त्यापुढं ते काहीच नाही.

आणखी एक गोष्ट लेखात चुकीची नाही पण अर्धवट आहे. पल्स फक्त सेकंद कधी सुरू झाला ते सांगतो, कुठला सेकंद ते नाही. आमच्या जुन्या घरात टोल्याचं घड्याळ होतं, साडेबाराला एक टोला, एकला एक टोला, दीडला पण एक टोला, रात्री जाग आली की कळायचंच नाही किती वाजले. तसंच हे. कुठला सेकंद ते मॉड्यूल दुसऱ्या वायरीतून अक्षरांत पाठवतं, ९६०० च्या स्पीडनं, आणि ती अक्षरं यायला अर्धा सेकंद सुद्धा लागतो. म्हणून दोन्ही जोडायला लागतात, अक्षरांवरून आकडा आणि पल्सवरून नेमका क्षण. ज्यांनी यूएसबीचा जीपीएस घेतलाय त्यांना पल्सची वायर बहुतेक वेळा मिळतच नाही, हे विकत घ्यायच्या आधी कळलेलं बरं. आणि मॉड्यूल पहिल्यांदा लावल्यावर पंधरा मिनिटं त्याच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. उपग्रहांचं स्वतःचं घड्याळ आपल्या जागतिक वेळेपेक्षा २०१७ पासून १८ सेकंद पुढं आहे, हा १८ उपग्रहच सांगतो पण त्याचा सगळा संदेश पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात, तोपर्यंत जुनं मॉड्यूल आपल्या पोटातला जुना आकडा धरून दोन-तीन सेकंद चुकीची वेळ देऊ शकतं. (इथं पण १८ च आला बघा, हा आकडा माझ्या राशीलाच लागलाय.)

आता माझी मागणी. एक, पुढच्या पुरवणीत त्या चुकीची दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात नको, जिथं लेख होता तिथंच. दोन, इथून पुढं असा हाताने करायचा लेख आला की छापण्याआधी एकदा कोणाकडून तरी करून बघावा. कराडात मी आहे, मी करून देतो, पैसे नकोत, सामान तेवढं पाठवा. इंग्रजीत यावर ढीगभर माहिती आहे, पण आमच्या इथल्या आठवीतल्या पोराला ती वाचता येत नाही, तो तुमच्या कात्रणावरच विश्वास ठेवून खाऊच्या पैशातून मॉड्यूल मागवतो आणि ०.३ व्होल्ट बघून ते कचऱ्यात टाकतो. त्या पोराचा बाप रिपेअरिंगवाला नसतो.

आणि दुरुस्ती छापताना "जीपीआयओ १८, म्हणजे मोजून पिन १२" असं लिहा, आणि तो १२ अंकात आणि अक्षरात दोन्ही छापा, चेकवर लिहितात तसा.

आपला नियमित वाचक,
कराड, जि. सातारा
(नाव छापू नये, गल्लीतले लोक घड्याळं घेऊन येतील.)